पादचारी संख्या निरंक

प्रति,
मा. मुख्य अभियंता,
मध्यवर्ती द्रुतमार्ग रुंदीकरण व सुधारणा प्रकल्प,
वाहतूक कोंडी निवारण कक्ष, तिसरा मजला.

विषय : कोंडी सोडवण्यासाठी पाडलेला पादचारी पूल परत मिळणेबाबत, तसेच तो मिळेपर्यंत अर्जदाराने काय करायचे ठरवले आहे, ते आपणांस कळवणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. २) त्या तिन्हींना मिळून आपल्या कार्यालयाकडून आलेले दीड ओळीचे उत्तर.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये अर्जदार सविनय सादर करतो की, 'सविनय' हा शब्द या वेळी तो केवळ रीत म्हणून लिहीत आहे. मागील तीन अर्जांत तो मनापासून लिहिला होता.

१. अर्जदाराची लाँड्री आपल्या द्रुतमार्गाला अगदी खेटून आहे. खाली धुलाई आणि इस्त्री, वर राहते घर. अर्जदाराची पत्नी द्रुतमार्गापलीकडच्या प्रसूतिगृहात परिचारिका आहे. लग्न झाल्यापासून ती रोज पादचारी पुलावरून चालत कामाला जात असे आणि दुपारी जेवायला घरी येत असे. पूल काही देखणा नव्हता. पायऱ्या हलत, कठडे कबुतरांनी घाण केलेले, आणि मधल्या दोन फळ्यांवर पाय ठेवताना देवाचे नाव घ्यावे लागे. अर्जदाराने स्वतः त्याला पुष्कळ शिव्या घातल्या आहेत. पण त्याच्यावरून बायको घरी येत होती आणि पुलाकडून त्याची याहून जास्त अपेक्षा नव्हती.

२. पुढे आपला प्रकल्प आला. सहा पदरी रस्ता बारा पदरी झाला की शहराचा गळा मोकळा होईल, असा फलक लागला. पुलाचा खांब नेमका नवव्या पदरात येत होता, म्हणून एका रविवारी पूल कापून नेला आणि तिथे 'तात्पुरती गैरसोय, क्षमस्व' अशी पाटी लावली. ती पाटी गंजून पडली, तेव्हा आपल्या खात्याने मोठ्या तत्परतेने तशीच नवी पाटी लावली. अर्जदाराच्या माहितीप्रमाणे संपूर्ण प्रकल्पात वेळेवर झालेले काम ते एवढेच.

३. आता कोंडीविषयी. पूर्वी गाड्या सहा रांगांत उभ्या राहत, आता बारा रांगांत उभ्या राहतात. कोंडी सुटली नाही, ऐसपैस झाली. तासन्‌तास अडकलेला माणूस काय काय करतो हे तिसऱ्या मजल्यावरून दिसत नसावे, म्हणून लिहिणे भाग आहे. तो थुंकतो. केळे खातो आणि साल रस्त्याकडेच्या जाळीवरून भिरकावतो. बाळाचा लंगोट बदलून त्याची गुंडाळी आत टाकतो. आणि निसर्गाने गाठले की रिकाम्या बाटलीत मोकळा होतो, झाकण लावतो (सगळे लावत नाहीत), आणि बाटली अर्जदाराच्या अंगणात येते. त्याच अंगणात अर्जदार लोकांच्या चादरी वाळत घालतो. रोज सकाळी धंदा सुरू करण्याआधी तो लांब चिमट्याने या बाटल्या उचलतो. त्याला किळस येते. हा शब्द सरकारी कागदात बसत नसल्यास तिथे 'गैरसोय' वाचावे. पण अर्जदाराला येते ती किळसच, आणि आता ती बाटल्यांपुरती राहिलेली नाही.

मागच्या अर्जासोबत त्याने पुरावा म्हणून एक बाटली आणली होती. आपल्या आवक विभागातील लिपिकांनी ती पट्टीने परत ढकलली आणि म्हणाले, "हे आवक होत नाही. फक्त कागद." अर्जदार ती बाटली हातात धरून तीन मजले उतरला. जिन्यात भेटलेल्या आपल्या एका अधिकाऱ्याने नाकाला रुमाल लावला. अर्जदाराने रोज नाकाला काय लावायचे?

कोंडीची गती आपणांस कळावी म्हणून एकच दाखला देतो. मागील महिन्यात एका गृहस्थाने गाडीतून उतरून जाळीवरून शर्ट आत दिला आणि म्हणाला, "मीटिंग आहे हो, जरा हात मारा." अर्जदाराने कॉलर, बाह्या, पाठ, सगळे नीट करून शर्ट परत नेला, तोवर गाडी चार हात पुढे गेली होती. गृहस्थ खूश होऊन म्हणाला, "बघा, आज बरंच चालू आहे."

४. पूल गेल्यावर अर्जदाराच्या पत्नीने आधी बसने जाऊन पाहिले. दूर दक्षिणेकडच्या, गाड्या पलीकडे नेणाऱ्या जोडपुलापर्यंत एक बस, तिथून उलट फिरून दुसरी, आणि दोन्ही बस याच कोंडीत. ती पोहोचेपर्यंत जिच्यासाठी बोलावले ती बाळंत होऊन चहा पीत बसलेली असे. "बाळं काही सिग्नल बघून येत नाहीत," असे मोठ्या डॉक्टरीणबाई तिला सर्वांसमोर बोलल्या. त्यानंतर ती कामाच्या दिवशी तिकडेच मावसबहिणीकडे राहू लागली. आधी दोन दिवस, मग चार, आता फक्त रविवारी घरी येते.

मावसबहिणीची गॅलरी अर्जदाराच्या वरच्या खिडकीतून दिसते. मध्ये बारा पदर, धूर आणि भोंगे. दोरीवर पत्नीचे कपडे दिसले की ती तिथे आहे एवढे कळते. अर्जदार उभा राहून ते बघतो. साहेब, ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे वाळत घातले, त्याने आपल्या बायकोचे कपडे परक्या दोरीवर ओळखायचे, हे लिहितानाही अर्जदाराला लाज वाटते.

पूर्वी तिच्या गणवेशाला अर्जदाराशिवाय कोणाचा हात लागला नव्हता. गेल्या रविवारी ती आली ती तिकडच्या कुठल्याशा लाँड्रीतून इस्त्री केलेला गणवेश घालून. त्या इसमाने कॉलर वरूनच दाबली होती आणि बाहीवर दोन घड्या पाडल्या होत्या. अर्जदार म्हणाला, "हे कोणी केलं?" ती म्हणाली, "आहे तिकडे एक. चांगला आहे. वेळेवर देतो." अर्जदार त्या दिवशी धड जेवला नाही. आपणांस हे क्षुल्लक वाटेल. वाटू दे.

निघताना ती म्हणाली, "अहो, मला तिकडे झोप लागते. आवाज नाही, वास नाही." मग चप्पल घालता घालता सांगितले, की बहिणीच्या शेजारची खोली रिकामी होते आहे आणि ती पुढल्या महिन्यापासून स्वतःच्या नावावर घेणार आहे. अर्जदाराने विचारले, "आणि मी?" ती म्हणाली, "या की केव्हाही. मी काय नको म्हणतेय?" भांडली असती तर बरे झाले असते. भांडणात निदान माणूस आपले समजून बोलतो. ती पाहुण्याशी बोलावे तशी बोलली.

५. आपले दीड ओळीचे उत्तर असे आहे : 'सदर ठिकाणी पादचारी गणना केली असता पादचारी संख्या निरंक आढळली. सबब पुलाची आवश्यकता दिसून येत नाही.' अर्जदाराने हे उत्तर आधी डोळ्यांनी वाचले, मग मोठ्याने वाचले, मग गिऱ्हाइकांना वाचून दाखवले. पूल पाडल्यावर पुलावरून कोण जाते ते मोजायला आपण माणूस बसवलात! समोरचे ताट उचलून न्यायचे आणि जेवणाऱ्याला भूक नव्हती असा शेरा मारायचा, यातलाच हा प्रकार. हा शेरा लिहिणाऱ्या हाताची अर्जदाराला त्या बाटल्यांहून जास्त किळस आली.

मोजणीदार एक निवृत्त कारकून होते. लाँड्रीसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसत आणि पाणी अर्जदाराकडे पीत. त्यांच्यावर राग नाही. अर्जदाराने त्यांना विनंती केली, की निदान एक माणूस ओलांडू इच्छितो एवढे तरी लिहा. ते म्हणाले, "इच्छेचा रकाना नाही हो यात. ओलांडलं तर लिहितो. उडत आला कोणी तरी लिहीन." आपल्या कार्यालयातही अर्जदाराला हेच सांगण्यात आले. येत्या मंगळवारी फेरमोजणी आहे, तीत आकडा आला तर पुलाचा विचार होईल, नाही आला तर फाइल कायमची बंद. सांगणारे साहेब काचेच्या पेटीतल्या प्रकल्पाच्या प्रतिकृतीवरची धूळ पुसत होते. तीत बोटाएवढी हिरवी झाडे आहेत, रंगीत गाड्या आहेत, आणि एकही माणूस नाही. अर्जदाराने खाली वाकून नीट पाहिले.

६. सबब, अर्जदार आपणांस याद्वारे कळवतो की, उद्या, मंगळवारी सकाळी, मोजणीदार खुर्चीत बसल्यावर, तो इस्त्रीच्या टेबलावरून जाळी ओलांडून द्रुतमार्गावर उतरेल आणि बाराही पदर चालत पार करील. मधला दुभाजक कमरेएवढा आहे, तो जमेल. त्या वेळी गाड्या जागच्या हलत नाहीत हे रोज खिडकीतून पाहिलेले आहे. धोका एकच आहे, आणि तो म्हणजे आपला प्रकल्प यशस्वी होणे. तरी नम्र विनंती की, त्या दिवशी अर्जदार पलीकडे जाऊन परत येईपर्यंत कोंडी सुटू देऊ नये. आजवरचा अनुभव पाहता यासाठी आपल्या कार्यालयास विशेष कष्ट पडणार नाहीत.

पत्नीला यातले काही सांगितलेले नाही. सांगितले असते तर "वेड लागलंय का" म्हणून तिने फोन ठेवला असता. पलीकडे गेल्यावर अर्जदार प्रसूतिगृहाच्या दाराशी उभा राहील आणि ती बाहेर आली की घरी चल म्हणेल. इतक्या वर्षांत तसे कधी म्हणावे लागले नव्हते, त्यामुळे कोणत्या शब्दांत म्हणायचे ते अजून ठरलेले नाही.

मोजणीदारांस आपल्या स्तरावरून सूचना द्याव्यात. जाताना पादचारी एक. येताना एक की दोन, हे अर्जदारास आज सांगता येत नाही. तरी त्यांनी घाईने आकडा न लिहिता, अर्जदार दुभाजकाच्या अलीकडे येईपर्यंत थांबावे आणि त्याच्या मागे कोणी आहे का, ते नीट पाहून मगच नोंद करावी.

आपला, आणि मंगळवारपर्यंत तरी नम्र,

(सही)
अर्जदार, लाँड्रीचालक

दिनांक : मोजणीचा आदला दिवस, सोमवार