धोंडिराम नावाचा चंद्र

१४ जानेवारी १९८९, शनिवार. संक्रांत.
ऑफिसात सगळ्यांशी गोड बोललो. राजारामशीसुद्धा. संध्याकाळपर्यंत जबडा दुखायला लागला.
हेडक्लार्क मार्चअखेर रिटायर. त्या खुर्चीवर हक्क माझा. बावीस वर्षं या नटबोल्टच्या कंपनीत काढली. राजाराम माझ्यामागून पाच वर्षांनी लागलेला, पण साहेबांची गाडी गेटात शिरली की दार उघडायला हा हजर. मला तसलं जमत नाही. स्वाभिमान आडवा येतो.
ठराव: सोमवारी धोंडिराम साहेबांना समोरासमोर विचारायचं. आडपडदा नाही.

१६ जानेवारी, सोमवार.
विचारलं नाही. साहेबांचा मूड बरा नव्हता. केबिनच्या बाहेरूनच कळतं.
संध्याकाळी गच्चीवर. हॅलेचा धूमकेतू आला होता तेव्हा हौसेने दुर्बीण घेतली होती. धूमकेतू काही सापडला नाही. तेव्हापासून कुंदा तिच्या स्टँडवर ओले टॉवेल टाकते. या घरात शास्त्राची ही किंमत. टॉवेल काढून गुरू पाहिला. नेहमीचे चार चंद्र. तेही आपापल्या जागी नसतातच कधी.

१८ जानेवारी, बुधवार. संध्याकाळी साडेसात.
पाच.
चष्मा पुसून पुन्हा मोजले. पाचच. सोसायटीच्या लायब्ररीतल्या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, लहान दुर्बिणीतून चार दिसतात. आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो. मग हा पाचवा कोण?
मुलुंडमध्ये आज एवढी मोठी गोष्ट झाली आणि खाली सगळे टीव्हीसमोर बसलेत.

१९ जानेवारी, गुरुवार.
तेच पुस्तक परत वाचलं. गॅलिलिओने चार चंद्र शोधले आणि त्यांना आपल्या राजाच्या घराण्याचं नाव दिलं. लगेच दरबारात नोकरी. म्हणजे एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण व्यवहार कळत होता त्याला.
आमचे साहेब गुरूचे भक्त. बोटात पुष्कराज, गुरुवारचा उपास, ज्योतिषाला विचारल्याशिवाय नवीन मशीनसुद्धा घेत नाहीत. आणि येत्या पाच तारखेला साठीशांत.
नाव ठरलं. धोंडिराम.
याला चमचेगिरी म्हणता येणार नाही. हे संशोधन आहे.

२१ जानेवारी, शनिवार.
बाकीचे चार रोज जागा बदलतात. आज डावीकडे, उद्या उजवीकडे, परवा एखादा गायब. धोंडिराम मात्र जागचा हलत नाही. निष्ठा म्हणतात ती ही. साहेबांना हा मुद्दा आवर्जून सांगायचा.
कुंदाला दाखवला. तिने डोळा लावला आणि म्हणाली, मागे असेल एखादा तारा. मी म्हटलं, हे तांदूळ निवडणं नाही. ती खाली निघून गेली. शिकलेल्या माणसाचं घरी असंच होतं.

२४ जानेवारी, मंगळवार.
डबा खाताना चूक झाली. राजारामसमोर बोलून गेलो. तो म्हणाला, झकास रे घाडी, आमच्या नावाचा पण बघ एखादा, छोटासा चालेल. सगळे हसले. हसा. मार्चनंतर रजेच्या अर्जावर सही कोणाची लागणार आहे ते कळेल.
दुपारी केबिनमध्ये गेलोच. साहेब फोनवर होते. तेवढ्यात सांगून टाकलं. ते हो हो म्हणाले. मग फोन खाली ठेवून त्यांनी विचारलं, सध्या गुरू कसा आहे माझा? मी म्हटलं, उत्तम आहे साहेब, स्वतः पाहिलाय.
साहेब गहिवरले. निदान खाली तरी पाहत होते. म्हणाले, पाच तारखेला घाटकोपरला बंगल्यावर घेऊन ये ती दुर्बीण, पाहुण्यांनाही दाखव.
बढतीचं विचारायचं राहिलं. आता विचारायची गरजही नाही.

२९ जानेवारी, रविवार.
धोंडिराम आज किंचित लांब वाटला. कामानिमित्त असेल.

१ फेब्रुवारी, बुधवार.
आणखी लांब. काळजीचं कारण नाही. मोठ्या माणसाची कक्षा मोठीच असणार. कॅलिस्टो तरी कुठे जवळ असतो?
कुंदा म्हणते, चारच दाखवा, नावाचं काढूच नका, जेवा आणि घरी या. तिला महत्त्वाकांक्षा म्हणून नाहीच.

३ फेब्रुवारी, शुक्रवार.
बराच लांब गेलाय. परत येईल. रविवारपर्यंत यायला हवा.

५ फेब्रुवारी, रविवार.
जे घडलं ते क्रमाने लिहितो. पुढे कोणी विपर्यास करायला नको.
सकाळी साठीशांत यथासांग झाली. संध्याकाळी जेवणाआधी पाहुण्यांना बंगल्याच्या गच्चीवर नेलं. गुरू नेमका डोक्यावर. अशा वेळी नळी सरळ वर उभी राहते आणि डोळा लावायची जागा खाली गुडघ्यापाशी येते. साहेबांना वाकता येईना, पोट आडवं येतं. पाटावर बसवलं, मान वळेना. तेव्हा मलाच सुचलं. चटई अंथरली आणि साहेबांना उताणं झोपवलं. डोळा अगदी बरोबर नळीखाली आला. कोणाला सुचलं असतं हे?
दिशा बघायची राहिली. दुर्बीण बघायची की दिशा?
साहेबांनी चार चंद्र पाहिले. खूश झाले. मग म्हणाले, यात माझा कुठला?
पाहुणे चटईभोवती गोल उभे राहून खाली बघत होते. मी नळी जरा सरकवली. तो तिकडे पार कडेला होता. शास्त्रात खोटं चालत नाही. मी म्हटलं, "साहेब, तुमचा सुटलाय. गुरूला सोडून गेला."
नेमक्या याच वेळी रुक्मिणीबाई, म्हणजे साहेबांच्या मिसेस, साठ दिव्यांचं ताट घेऊन ओवाळायला वर आल्या. त्यांना काय दिसलं, तर नवरा चटईवर उताणा, पाय दक्षिणेकडे, डोळ्याला नळी, आणि भोवती माना खाली घालून उभी माणसं. ताट हातातून पडलं. त्यानंतर त्या बराच वेळ रडत होत्या.
राजारामने साहेबांना उठवून बसवलं. चटई गुंडाळली. पाणी आणलं. अशा वेळी हा बरोबर पुढे असतो.
मला कोणी जेवायला थांब म्हटलं नाही. दुर्बीण खांद्यावर टाकून घरी आलो. कुंदाने भात टाकला.

६ फेब्रुवारी, सोमवार.
साहेब ऑफिसला आले नाहीत. ज्योतिषी बंगल्यावर आलेत असं समजलं. एकविसावं शतक तोंडावर आलंय आणि आपण अजून पाय कुठल्या दिशेला होते ते बघत बसलोय. साहेब सुशिक्षित आहेत, शांत झाले की विचार करतील. माझी त्यांच्यावर श्रद्धा आहे.
ठराव: माफी मागायची नाही.

८ फेब्रुवारी, बुधवार.
माफी मागायला गेलो. भेट मिळाली नाही.

९ फेब्रुवारी, गुरुवार.
ऑफिसात गुरूची शांत. हरभऱ्याची डाळ आणि पिवळं कापड दान. बाजारात जाऊन डाळ आणायचं काम मला दिलं. विश्वासाशिवाय देतात का?
दुपारी केबिनमध्ये बोलावलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. एक तारखेपासून शहापूरच्या गोडाऊनवर जायचं. मी हेडक्लार्कच्या जागेचं विचारलं. शेवटी विचारलं एकदाचं. ते म्हणाले, राजाराम बघेल. मी निघालो तेव्हा मागून म्हणाले, "तिकडे अंधार पडला की लाईट नसते, घाडीगावकर. आकाश छान दिसतं म्हणतात."
कुंदाला सांगितलं, साहेबांनी माझ्या संशोधनाची दखल घेतली.

१० फेब्रुवारी, शुक्रवार.
राजाराम पेढे घेऊन घरी आला. मी आत बसून राहणार होतो, कुंदाने बाहेर बोलावलं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. चहा संपला तरी उठेना. मग मान खाली घालून म्हणाला, "घाडी, रविवारी जेवणं झाल्यावर साहेब तुझं नाव जाहीर करणार होते रे. सगळ्यात जुना माणूस म्हणून. हार आणायला मलाच पाठवलं होतं. दोन सांगितले होते, एक त्यांचा, एक तुझा."
मी विचारलं, मग माझ्या हाराचं काय झालं? का विचारलं कोण जाणे. तो म्हणाला, तिथेच राहिला, कोणीतरी फाटकाला बांधला.
तो गेल्यावर कुंदा कपबशा उचलत होती. म्हणाली, "म्हणजे तुम्हाला काहीच करायचं नव्हतं. नुसतं जेवून यायचं होतं."
मी म्हटलं, शहापूरला हवा कोरडी असते, गुरू इथल्यापेक्षा खूप स्वच्छ दिसेल.
ती म्हणाली, पेढा खा.
खाल्ला. चांगला होता.