घरातला उपास, गल्लीतला जमाव

सोलापूर, मे १९७६

ती. शिवयोगी अण्णांस शरणप्पाचे शरणु शरणार्थी.

आपले गुडघे आणि वहिनींचा दमा आटोक्यात असावा. इथं उकाडा आहे आणि मी आहे, दोन्ही चालू आहे.

आपली बहीण गौरम्मा रागावून अक्कलकोटला आपल्याकडे आली, त्याला कारण मीच. पाहुण्यांसमोर तिची भाकरी जाड झाली म्हणालो (झाली होती, पण ते असो). ती परत येईपर्यंत जेवायचं नाही असं ठरवून मी ओसरीवर बसलो. एवढंच प्रकरण. पण शेजारच्या गिरिजाबाईंना ते कळलं आणि त्यांनी गल्लीला कळवलं. रोज संध्याकाळी बायका समजूत काढायला आणि पुरुष नुसतेच बघायला येऊ लागले (एकजण घरून खुर्ची घेऊन). कुणीतरी हार आणला. तो मी गळ्यात घालून घ्यायला नको होता.

सध्या आणीबाणी. पाच माणसं जमली की गुन्हा, आणि उपोषण म्हटलं की ते सरकारविरुद्धच असणार. चौकीवरचे जमादार आले. मी म्हणालो, घर माझं, पोट माझं, बायको माझी, यात सरकार कुठं आलं? ते म्हणाले, "उपास घरातला हाय, पण बघणारे रस्त्यावरचे हायत की." मागणी काय, असंही विचारलं. बायको परत पाहिजे म्हणालो, तर तेच लिहून घेतलं.

हा कागद आमच्या कचेरीत गेला की माझी कारकुनी संपली. जमादार तसे भले. शुक्रवारी दुपारी पंचांसमोर जेवलो तर घरगुती बाब म्हणून मिटवतो म्हणाले. पण पंचनाम्यात 'स्वखुशीने भाकरी खाल्ली' असं येणार. 'माझ्यावाचून हा खुशीत जेवतो' असं गौरम्माला वाटलं, तर ती कशाला परत येते? न जेवावं तर नोकरी जाते, जेवावं तर बायको. फार दमलो आहे, अण्णा.

आपला,
शरणप्पा

ता.क. शुक्रवारी सकाळच्या एस.टी.नं तिला पाठवाल का? तिनं वाढलं तर ते 'स्वखुशीने' खरं तरी होईल. भाकरी जाड चालेल.

आणखी ता.क. पत्र तिला वाचून दाखवा, एवढं मात्र गाळा. गिरिजाबाई रोज मागच्या दारानं भाकरी आणि शेंगाचटणी देतात, आणि मी खातो. जमादारांना हे सांगितलं तर मी आजच सुटतो, पण मग गल्लीमार्फत ते अक्कलकोटला पोचणारच. गिरिजाबाईंची भाकरी चांगली पातळ असते. जेवल्यासारखं काही वाटत नाही.