तीन ठिपके, मधला खाली

३ मार्च
ही वही बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेली, पानापानावर कपाशीचं बोंड छापलंय. चारू म्हणते, आजी, तू फोनवर नको ते बोलतेस आणि कामाचं विसरतेस, लिहीत जा. म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढची अक्षरं मी भांड्यांवरून शिकले. आमचे हे सोनगीरच्या बाजारात बसून भांड्यांवर नावं घालायचे, छिन्नी आणि छोट्या हातोडीने. लोट्यावर जागा कमी पडली की अक्षरं तोडायचे. मीही तोडणार. चारू म्हणजे चा.

चा. माझी नात, विलासची मुलगी. सातवीपर्यंत माझ्याजवळ होती, मग जळगावला आईबापाकडे, मग पुणे, आणि आता अडीच वर्षं चीन. गाड्यांच्या कंपनीत. गावाचं नाव सांगते, माझ्या तोंडात बसत नाही.

आज तिने फोन फिरवून तीन गाड्या दाखवल्या, ओळीत उभ्या. एकीचं तोंड हसतंय, एकीचे दिवे कपाळाला आठ्या घातल्यासारखे, तिसरीला तोंडच नाही, ती विजेवरची. मी लगेच नावं ठेवली. हसरी, रुसकी, बिनतोंडी. चा. म्हणाली, "आजी, ही एकच गाडी आहे. पत्रा तोच, दारं तीच, आतलं सगळं तेच. नाक बदलतो, दिवे बदलतो, बिल्ला बदलतो. तीन कंपन्या तीन नावांनी विकतात. स्वस्तातल्या गाड्यांचं असंच असतं." एकाच कारखान्यात सकाळी हसरी निघते, जेवणानंतर रुसकी!

मला एवढं हसू आलं. म्हटलं, "म्हणजे तू पण नावंच घालतेस की! आजोबांचाच धंदा!"

ती हसली नाही. रेंज गेली असेल.

८ मार्च
आज आनंदाची गोष्ट. हे जे नाव घालायचे ना, त्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला तीन ठिपके द्यायचे. मधला जरा खाली. गिऱ्हाइकाला सांगायचे नाहीत. "नाव ज्याचं त्याचं, ठिपके माझे." मी अजून लग्नाच्या पंगतीत पितळी भांडं दिसलं की रिकामं करून उलटं पाहते. शिरपूरला एकदा व्याह्यांसमोर पाहिलं, विलास दोन दिवस बोलला नाही.

तर चा. म्हणाली, "आजी, कुणाला सांगू नको. गाडीत पुढे मोबाईल ठेवायचा खळगा असतो. त्याच्या तळाला रबराची चटई, तळहाताएवढी. तिची नक्षी मी इथे आल्या आल्याच काढली होती. आणि कोपऱ्यात आजोबांचे तीन ठिपके टाकलेत." म्हणजे हसरीत, रुसकीत, बिनतोंडीत, तिन्हींत!

मी शेजारच्या सुमनअक्काला लगेच जाऊन सांगितलं. कुणाला नको म्हणाली होती, पण सु.अ. म्हणजे कुणी नाही.

१४ मार्च, धुळवड
विलास आला जळगावहून, एकटाच. सुनेचं डोकं दुखतंय. पुरणपोळी खापरावरची केली, मोठी, दोघांत एक उरली. चा.चा फोन आला तेव्हा फोन त्यानेच घेतला. ऑफिसातला साहेब त्याला विचारतो म्हणे, तुमची मुलगी नक्की काय बनवते. हा तिला म्हणतो, "अडीच वर्षं झाली, लोकांना सांगू काय? बिल्ले बदलते म्हणून?"

ती म्हणाली, "हो बाबा, तेच सांगा."

मग फोन माझ्याकडे दिलाच नाही. कट झाला म्हणाला. मी ती खापरावरची पोळी दाखवणार होते तिला.

१७ मार्च
फोन नाही.

बिबडे घातले, ज्वारीचे पापड. पूर्वी दहा बायका असायच्या गल्लीत, एक लाटते, एक उन्हात टाकते, एक कावळे हाकते. आज लाटणारीही मी, हाकणारीही मी. एक कावळा फारच शहाणा, मी पाठ केली की बरोब्बर येतो. त्याच्याशी बोलण्यात दुपार छान गेली.

१९ मार्च
फो. ना.

२२ मार्च
आला! पण.

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, येणार म्हणाली होती, नाही येत. तिकीट काढलंच नव्हतं. मी म्हटलं, कामामुळे का गं? तर म्हणाली, "येऊन काय दाखवू? माझं असं एकही काही नाही, आजी. ते तीन ठिपके होते, ते पण काढले."

तिच्या ऑफिसातल्या वरच्या बाईने पाहिले. हे काय, गिऱ्हाईक विचारेल छपाई चुकली का. काढ. चा.ने स्वतःच्या हाताने काढले. चटईचा साचाही नवा केला.

मी विचारलं, जुना साचा फेकला? माझं मन तसलंच, भांडंकुंडं कुणी फेकलं की जीव जातो. म्हणाली, "फेकत नाहीत. मॉडेल जुनं झालं की साचे दुसऱ्या कंपनीला विकतात. आधीच्या मॉडेलच्या आतल्या सगळ्या भागांचे साचे गेल्या वर्षीच गेले. तुमच्याकडेच गेले म्हण ना, भारतातली एक कंपनी तीच गाडी चौथ्या नावाने विकते. अजून स्वस्तात."

मी म्हटलं, "मग बरं की! धाकटी झाली आपल्याकडे!"

तर म्हणाली, "आजी, तू पण त्या दिवशी हसलीस. बाबा बोलले त्याचं एवढं नाही वाटलं."

मी काय बोलले होते ते मला आठवेना. वही काढून पाहिलं. तीन तारखेचं पान. लिहून ठेवलेलं बरं असतं आणि नसतंही.

२३ मार्च
काल पुढे लिहिता आलं नाही. मला खरंच कौतुक वाटलं होतं. ह्यांचा धंदा म्हणजे माझ्यालेखी सगळ्यात मोठी गोष्ट, पण तिला ते कसं कळणार, मी हसत होते ना. ह्यांनाही एक गिऱ्हाईक म्हणालं होतं, भांडं घडवतो तो कारागीर, तू काय, खरडतोस. त्या दिवशी हे जेवले नव्हते. हे मला ठाऊक असून.

३० मार्च, पाडवा
गुढीला निंबाचा पाला लागतो. मारुतीच्या पारावरून आणला. आपला दारातला निंब गेल्या पावसाळ्याआधी गेला, रस्त्याची गटार रुंद केली तेव्हा. चा.ला अजून सांगितलेलं नाही. तिचा आखाजीचा झोका त्याच निंबाला असायचा. गल्लीतल्या माहेरवाशिणी यायच्या, त्यांना हटवून ही बसायची, लग्न न झालेली, वर पुन्हा गाणी म्हणायची सासरची गाऱ्हाणी, सात वर्षांची पोर! म्हणून फोनवर बोलताना मी घरातच बसते. अंगणात गेले तर मागे निंब नाही हे दिसेल.

फो. ना. पाडव्याचा दिवस असून.

४ एप्रिल
मला एक सुचलंय. जुने साचे इकडे आले. म्हणजे चटईचाही आला असेल. म्हणजे धाकटीत ठिपके असतील! मग ते कुणी काढलेले नाहीत, तिला माहीत नाही एवढंच.

पण नुसतं वाटून काय. पाहायला हवं. तिला फोटो पाठवायला हवा.

हायवे इथून दहा मिनिटं. तिथे चहाच्या हॉटेलासमोर गाड्या थांबतात, धुळ्याला जाणाऱ्या, शिरपूरकडच्या. धाकटीचं नाव मला माहीत नाही, तोंडही नवीन असणार. पण मागच्या दारापाशी तिकोनी काच आहे, ती बदलत नाहीत. ती मला पाठ आहे.

६ एप्रिल
सकाळी नऊ ते अकरा बसले. हॉटेलवाला भला, बाकडं सावलीत सरकवून दिलं. सु.अ. भाजी घेऊन जाताना थांबली. "गाड्यास्ले काय देखस ओ बाई? सोयरीक जमाडी ऱ्हायनी का?" मी म्हटलं, हो, मुलगी पाहायला आलेय. नाकीडोळी वेगळी असेल, पण हाड ओळखेन.

तिकोनी काच एकही नाही.

मजा येते पण. माणसं किती उतरतात, आळस देतात, एकमेकांवर चिडतात, पुन्हा एकाच गाडीत बसतात. घरी एवढी माणसं महिन्यात दिसत नाहीत.

११ एप्रिल
फजिती. तिकोनी काच दिसली, पांढरी गाडी. धावत गेले (धावत म्हणजे माझं धावणं), काचेला कपाळ लावून आत पाहिलं तर आत बाई बाळाला दूध पाजत होती. ती ओरडली, नवरा चहा टाकून आला. "काय चोरायचंय म्हातारे?" हॉटेलवाल्याने सांभाळलं, आपल्या गावच्या आहेत, त्यांची नात गाड्या बनवते. तो म्हणाला, "मग तिला सांगा काच काळी करायला."

खळगा दिसला होता. त्यात बाळाचे मोजे ठेवलेले. चटई दिसली नाही.

घरी येऊन पडून राहिले. विलासला कळलं तर.

१२ एप्रिल
गेले नाही. फो. ना. भाकरी एकच केली, अर्धी उरली.

१३ एप्रिल
नाही गेले.

१५ एप्रिल
सु.अ. सकाळीच दारात. "काय व्हयनं, मुलगी पसंत पडनी नही का?" मी अकरा तारखेचं सांगितलं. ती खूप हसली, मग म्हणाली चल, मी येते बरोबर, दोन म्हाताऱ्या चोर दिसत नाहीत.

आम्ही दोघी बसलो. साडेदहाला आली. तांबडी, नवीकोरी, बॉनेटला झेंडूचा वाळका हार अजून. तिकोनी काच. तोंड अगदीच वेगळं, दात काढल्यासारखं, पण दार तेच, दाराची मूठ तीच. उतरले ते फैजपूरचे केळीवाले, बायकोला घेऊन धुळ्याला निघालेले. मी या वेळी काचेला हात लावला नाही. आधी बोलले. भाऊ, माझी नात, चीन, चटई, तीन ठिपके, सगळं एका दमात.

त्यांना काय कळलं देव जाणे. बायकोला म्हणाले, "ऐकलं का व, आपल्या गाडीले आजी भेटली!" मग मला, "नाव बदलायचं काय कवतिक आक्का, एका बागेतली केळी आमी तीन नावाच्या खोक्यात भरतो. खाणाऱ्याले गोड लागली म्हंजे झालं. बस ना आत."

बसले. पुढच्या सीटवर. प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, चरचर वाजलं. खळग्यात सुपारीचा डबा आणि देवीचा फोटो. त्यांनी दोन्ही उचलून घेतलं. चटई बोटाने वर ओढली तर निघाली, माझ्या हातात आली.

उजव्या कोपऱ्यात. तीन. मधला खाली.

डोळ्यांनी नीट दिसेना म्हणून बोट फिरवलं. भांड्याच्या बुडाला फिरवते तसं. तेच अंतर. तिने मोजून घेतलं असणार एखाद्या तांब्यावरून, नेताना एक तांब्या नेला होता तिने बॅगेत.

केळीवाल्यांच्या बायकोने माझ्या फोनने फोटो काढला आणि चा.च्या त्या चिनी ॲपवर कसा पाठवायचा तेही शोधून काढलं. मी खाली एवढंच लिहिलं: धाकटीत आहेत. नि. हसले ते कौतुकाने.

नि. म्हणजे आणि. घाईत ती अक्षरंही तुटली.

जाताना त्यांनी केळीची फणी दिली. सु.अ. म्हणाली, "मुलगी चांगली शे, सासरनाबी चांगला."

१६ एप्रिल
फो. ना.

केळी गोड.

१८ एप्रिल
फो. ना. फोटो गेला नसेल का? हॉटेलवाल्याला फोन दाखवला. गेलाय म्हणाला, पाहिलाही असेल. मग विलासचा फोन आला तेव्हा त्यालाही सांगितलं सगळं, कपाळ लावल्याचंही. तो ओरडेल वाटलं होतं. तर म्हणाला, "नानांचे ठिपके?" वडिलांना तो नाना म्हणायचा. म्हणाला, मला पण पाठव तो फोटो. मला पाठवता येत नाही दुसऱ्या ॲपवर, पुढच्या वेळी आलास की दाखवते म्हटलं.

२० एप्रिल
सकाळी अंगण सारवत होते, फोन वाजून बंद झाला. पाहिलं तर चा.ने लिहिलंय:

"आजी, झोका निंबालाच बांधतेस ना?"

एवढंच. येते असं नाही. येत नाही असंही नाही. मी चार वेळा वाचलं, मग सु.अ.ला वाचून दाखवलं, तिने दोन वेळा वाचायला लावलं.

आखाजीला दहा दिवस. निंब कुठे आहे? उत्तर अजून दिलेलं नाही. खोटं लिहवत नाही आणि खरं लिहिलं तर.

दुपारी सु.अ.च्या गोठ्यात गेलो. वर लोखंडी आडवा बार आहे, चांगला जाड. माळ्यावरची दोरी काढली, उन्हात झटकली, टाकली वर. आधी मीच बसले. सु.अ.ने पाठीत हात देऊन ढकललं, म्हैस बघत होती. आडवा जरा कुरकुरला, पण पेललं. मी म्हटलं, बघ, पेलतोय.

सु.अ. म्हणाली, "तुन्हं वजन काय, चिमणीनं. पोरनं सांग. आते केवढी शे ती?"

फोनमध्ये चेहराच तेवढा दिसतो.