कॅडिलॅकचं सुतक

शनिवार, ३० सप्टेंबर २०१७
अल् घुब्रा, मस्कत

आज दसरा. सहाला उठलो, आंघोळ केली, चहा घेतला. साडेसातला दादाच्या मालकांकडचा ड्रायव्हर शरीफ न्यायला आला. बरक्याला मालकांच्या घरी जाऊन दुपारी एकला परत आलो. वरण-भात केला. उभ्यानंच खाल्ला, कारण सारखं खिडकीतून खाली बघावं लागत होतं.

ती. प्रभावतीवहिनींस, मधुचा साष्टांग नमस्कार. (पहिला कागद फाडला. हात सवयीनं ‘सौ.’ लिहून गेला. त्याच्या जागी जे लिहितात ते माझ्याच्यानं लिहवत नाही, म्हणून नुसतं ‘ती.’) आपले गुडघे कसे आहेत? पडवीवरची कौलं चि. प्रियांकानं बसवून घेतली का? मी बरा आहे. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर आपण दोघं ‘बाकी काय’ म्हणून गप्प बसतो. शेजारचा सलील उद्या चिपळूणला निघाला आहे, मंगळवारी हे पत्र आपल्या हातात देईल.

विषय गाडीचा आहे. दादा छत्तीस वर्षं अर्बाबांची, म्हणजे त्याच्या मालकांची, जी कॅडिलॅक चालवत होता ती. आपण तिला सवत म्हणता. जूनमध्ये मी दादाला शेवटचं घेऊन गावी आलो, तेव्हाही आपण म्हणालात की तिथलं काही नको, आणि ती तर मुळीच नको. माझ्या लक्षात आहे. तरीही कृपा करून शेवटपर्यंत वाचावं.

दादा दर दसऱ्याला तिची पूजा करायचा हे आपणास माहीत आहे. रुवीच्या बाजारातून झेंडूचा हार आणायचा, चार चाकांखाली चार लिंबं ठेवायचा आणि गाडी वीतभर पुढे घ्यायचा. अर्बाब धर्माचे पक्के, त्यामुळे तेवढा वेळ पाठ करून उभे राहायचे. पण कान इकडे. चौथं लिंबू फुटल्याशिवाय वळायचे नाहीत. (एका वर्षी दादा दसऱ्याला रजेवर होता, तर तो परत येईपर्यंत गाडी बाहेर काढली नाही. विचारलं तर म्हणाले, बॅटरी उतरली होती.) यंदा त्यांनी निरोप धाडला की शांताराम नाही, तर त्याच्या भावाला आणा. यंदा आपल्याकडे सण नाही एवढं सांगून दादाची तिथं राहिलेली बॅग घेऊन यायचं, असं ठरवून मी निघालो. शाळेच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेला माणूस मी, मला बोलायची सवय नाही. वाटेत शरीफशेजारी बसून हे एकच वाक्य मनात घोकत होतो.

वहिनी, ती गाडी मी याआधी दोनदाच, तीही लांबून पाहिली होती. दादा मला बसू देत नसे. म्हणायचा, अर्बाबांची आहे, माझ्या बापाची नाही. आज जवळून पाहिली. शेडचं दार सरकवलं आणि पहिला मिनिटभर नुसतं बॉनेटच बाहेर येतंय असं वाटलं. रंग गडद लाल, जांभळाकडे झुकणारा. साडेएकोणीस फूट लांबी, मॉडेल शहात्तरचं. पुढची सीट म्हणजे बैठकीच्या खोलीतला कोचच. मागच्या माणसांना राखेची आणि सिगारेट पेटवायची वेगळी सोय. (अर्बाबांच्या घरात कोणी विडीसुद्धा ओढत नाही. दादा त्या लायटरना दर शुक्रवारी पॉलिश करायचा.) काच बटणानं खाली जाते आणि जाताना घाई करत नाही. दार लावलं की आवाज होत नाही, नुसता बाहेरचा आवाज बंद होतो. शाळेच्या आवारात हल्लीच्या गाड्या रोज बघतो, सगळ्या कपाळाला आठ्या घातल्यासारख्या दिसतात. ही तशी नाही. ही कोणावर चिडलेली नाही. मी चपला काढून ठेवल्या, हे शरीफनं दाखवल्यावर मला कळलं.

मग पाहिलं तर शेडमागे गाड्या वाहून नेणारा एक ट्रेलर उभा. त्याच्याजवळ दुबईचं एक गिऱ्हाईक हातात टेप घेऊन, आणि अर्बाबांचा मुलगा नासर. त्यानं गाडी विकून टाकली होती. पूजा झाली की गाडी ट्रेलरवर चढायची, एवढी एक अट म्हाताऱ्यानं घातली होती. नासर मला म्हणाला, “अंकल, फुलं-बिलं जरा लवकर उरका.”

मी घोकलेलं वाक्य बोललो. सुतक आहे, पूजा करता येणार नाही.

अर्बाब काठी टेकत पुढे आले. त्यांचं हिंदी दादानं शिकवलेलं, म्हणून मध्येच मराठी येतं. “काय रे मधु, सुतक क्या?” मी सांगितलं, घरात माणूस गेलं की पाळतात. “कौन रखता है?” घरातले सगळे. “कितना दिन?”

वहिनी, खरं उत्तर आपणास ठाऊक आहे. मी तोंड उघडलं होतं ते तेरा म्हणायला. पण उघड्या दारातून ड्रायव्हरची सीट दिसत होती. मधोमध पाठीच्या आकाराचा खड्डा, आणि डावीकडे जरा जास्त खोल, दादा तसाच बसायचा ना. मी म्हणालो, “एक वर्ष.”

अर्बाबांनी काठीनं गाडीकडे दाखवलं. “और ये?”

मी गाडीकडे बघू लागलो.

“छत्तीस साल शांताराम इसको नहलाया, खिलाया. बुखार आया तो बाजू में सोया. ये घरवाली नहीं?”

मी गप्पच राहिलो. माझ्या गप्प बसण्याला लोक होकार समजतात, हे आपण माझ्या दोन स्थळांच्या वेळी पाहिलं आहेच. अर्बाब नासरकडे वळले. “खलास. इसको भी सुतक है. एक साल.” दुबईवाल्यानं शरीफला हळूच विचारलं, हा इन्शुरन्सचा काही प्रकार आहे का?

नासर मात्र पुण्याला तीन वर्षं कॉलेजात होता. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, “अंकल, कोथरूडला माझ्या घरमालकीणबाईंचं सुतक तेरा दिवसांत फिटलं होतं. मी खात्री करून घेणार.” मी म्हणालो, प्रत्येक घरची रीत वेगळी. (आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या पटकन उत्तर सुचलं.) तेवढ्यात अर्बाबांनी हुकूम सोडला की सुतक पाळायचं तर मयताच्या घरीच पाळायला हवं. यल्ला, चला. आणि दादाचं इथलं घर म्हणजे माझंच, सुट्टीला तो माझ्याकडेच असायचा.

अशा रीतीनं मी दादाची बॅग आणायला गेलो आणि गाडी घेऊन आलो. शरीफनं आणली. तो बुटका, पण सीट पुढे घेईना. शांतारामभाईंची आहे म्हणाला, आणि सबंध रस्ता पाय ताणून, स्टिअरिंगला लोंबकळत चालवत आला. मी मागे बसलो होतो. गतिरोधक आले ते मला कळले नाहीत, नुसतं समोरचं बॉनेट होडीसारखं वर व्हायचं आणि सावकाश खाली यायचं. महामार्गावर लोक बाजूला होऊन बघत होते. मला तो मान घेता येईना, म्हणून मी मान खाली घालून बसलो. दादा हे रोज बघत होता, आणि घरी पत्रात लिहायचा, ‘काम ठीक चालले आहे.’

गाडी खाली अडीच जागा अडवून उभी आहे. वॉचमन ओमप्रकाश दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा तक्रार करायला, दुसऱ्यांदा भावाला व्हिडिओ कॉलवर दाखवायला. मुलं इंग्रजीत विचारतात, अंकल, तुमची आहे का? मी नाही म्हणतो. मग ती माझ्याकडेच अविश्वासानं बघतात.

बाकी सर्व क्षेम. प्रकृतीस जपावं.

आपला,
मधु

ता. क. नासर खात्री करणार ती आपल्याकडे. त्यानं नंबर मागितला आणि मी दिला. गुरुवारी फोन येईल, तो हिंदीत बोलेल. खोटं बोला असं मी म्हणत नाही. वर्षभर सण नसतो, हे खरंच आहे. तेवढंच सांगावं. तेराचा विषय आपण होऊन काढू नये.

ता. क. २ : डॅशबोर्डच्या खणात गाडीचं पुस्तक आहे, त्यात घडी घालून आपल्या हातच्या याद्या ठेवलेल्या आहेत. टॉर्च, बाम, दोन पांघरुणं, प्रियांकाला घड्याळ. शेवटची यंदाच्या मेमधली, तीत फक्त ‘या लवकर’ लिहिलं आहे. त्या पाठवायच्या की तिथंच ठेवायच्या, ते कळवावं.

ता. क. ३ : तेरा असं सांगावंसं वाटलं तर तेही सांगावं. अधिकार आपला आहे. मी काही म्हणणार नाही.

ऊन अजून उतरलेलं नाही आणि रंगाला ऊन चालत नाही. गाडीच्या मापाचं कव्हर इथं मिळत नाही. कपाटातल्या दोन चादरी जोडून पाहिल्या, त्या मागच्या खिडकीपर्यंतच येतात. तिसरी माझ्या अंथरुणावरची काढली आहे. आता सुईत दोरा ओवून शिवायला बसतो.