मीच कंपनी

दि. ११ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र आधी तू एकट्याने वाच. माझं पत्र आलं की आई तुला शेजारी बसवून ते मोठ्याने वाचायला लावते, हे मला ठाऊक आहे. तिचे डोळे गेल्यापासून मी पत्रं तिच्यासाठीच लिहितो, पाकिटावर नाव तेवढं तुझं घालतो. या खेपेला मजकूर तुझ्यासाठी आहे. तिला सांग, दादाचं कामाचं पत्र आलंय. ते खोटंही नाही.

इकडे सगळे बरे. तुझ्या वहिनीचा गुडघा मधूनमधून दुखतो, पण ती जिन्याशी हार मानायला तयार नाही. थोरलीला शाळेत नोकरी लागली. ऑफिसचा पंखा एकदाचा दुरुस्त करून घेतला. आणि ऑफिसवरची तुमच्या कंपनीची पाटी मी उतरवली. भिंतीला भोकं पडली आहेत, ती बुजवायची राहिलीत. कोपऱ्यावरचा शिंपी डोकावून गेला. म्हणाला, "काय शेठ, धंदा गुंडाळला?" मी म्हटलं, "धंदा आहे तिथेच आहे. पाटी गेली." तर म्हणे, "मग इतकी वर्षं आम्ही विमा काढला तो कुणाचा? तुमचा की पाटीचा?"

शिंप्याचं चुकलं नाही. निम्म्या गावाला वाटतं, मीच कंपनी. मी सगळ्यांना एकच उत्तर देतो. आम्ही एजन्सीवाले म्हणजे लग्न जुळवणारे. पाच-सहा कंपन्यांची स्थळं आमच्याकडे असतात, तुम्हाला झेपेल ते दाखवतो, कागद भरून देतो. नांदवायचं मात्र कंपनीने. हप्ता तिच्या घरात जातो, जोखीम ती घेते, आणि नुकसान झालं की भरपाई द्यायची का नाही हेही तीच ठरवते. लोक हसतात आणि सही करतात. परवा दाजींना हेच समजावत होतो, तर ते म्हणाले, "म्हणजे सासरच्यांनी आहेर तेवढा ठेवून घेतला, आणि सून दारात आली तर म्हणाले, कोण तुम्ही?" एवढं बोलून ते हसले नाहीत. मीही हसलो नाही.

दाजी सध्या दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला जातात. ज्या माणसाला त्यांनी रंधा कसा धरायचा ते शिकवलं, त्याच्याच हाताखाली. अवजारंसुद्धा त्याचीच. स्वतःच्या कारखान्याच्या जागी जळके वासे पडून आहेत. अक्का रोज तिथे जाऊन लोखंडाचं काही हाताला लागतं का बघते. बिजागऱ्या, पट्ट्या, करवतीची पाती. मला म्हणाली, "धाकट्याला काही बोलू नकोस हं. नोकरी आहे त्याची. वरून आलं असेल." वरून काहीही आलेलं नाही हे तिला सांगायला माझी जीभ वळली नाही. तुझ्या कंपनीत दाव्यांच्या बाबतीत वर आहेस तो तूच.

दावा नाकारल्याचं तुझं पत्र एजन्सीच्या पत्त्यावर आलं. सुरुवात "महोदय". गावच्या शाळेत ज्या गुरुजींनी आपल्या दोघांना पत्र लिहायला शिकवलं, ते मायन्यावरून माणूस ओळखायचे. त्यांनी तुला काय ओळखलं असतं, ते मी लिहीत नाही. पुढे तू लिहितोस, कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये लाकडाला फवाऱ्याने पॉलिश मारण्याचं काम सुरू झालं होतं, तिथे थिनरचे डबे ठेवले जात होते, आणि या बदलाची "कोणतीही सूचना कंपनीस मिळालेली नाही". त्याखाली तुझी लफ्फेदार सही. आग पुढच्या बाजूला, विजेच्या बोर्डात लागली, हे तुमच्याच पाहणी करणाऱ्या माणसाने लिहून दिलंय. पण ते राहू दे. नियम म्हणजे नियम. धोका वाढला तर कंपनीला कळवलं पाहिजे, हे मीच लोकांना सांगत असतो.

मी फोन केले, त्यातला पहिला तेवढा तू उचललास, नंतरचा एकही नाही. आठवतं ना काय म्हणालास? "दादा, एजन्सीला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं असं होत नाही. हे तुला मी शिकवायचं का?" नको शिकवूस. हा फरक मला तुझ्या आधीपासून कळतो. दाजींनी एजन्सीला, म्हणजे मला, सांगितलं होतं, आणि तेवढ्याने भागत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून तर मी पुढे कंपनीला सांगितलं.

कुठे सांगितलं ते तुला माहीत आहे, पण लिहितो.

तुझ्या घरी. तुझ्या जेवणाच्या टेबलावर. दाजींनी ते टेबल नुकतंच पोचवलं होतं. तू त्यावरून हात फिरवत म्हणालास, "दाजींच्या हाताला एवढी चकाकी कधीपासून आली?" मी म्हटलं, हात तोच आहे, मागच्या शेडमध्ये फवाऱ्याचं काम सुरू केलंय, तुझं टेबल त्यातलं पहिलं. आणि लगेच हेही म्हटलं, की थिनर आलं म्हणजे धोका वाढला, विम्यात नोंद व्हायला पाहिजे, हप्ता वाढला तर दाजी भरायला तयार आहेत, उद्या तुमच्या ऑफिसला लेखी पाठवतो. तू ताटातून मान वर केलीस आणि म्हणालास, "अरे, लेखी कसलं घेऊन बसलास? मीच कंपनी. मला सांगितलंस ना? झालं."

आणि मी ते झालं असं धरलं. कोणा परक्या कंपनीच्या साहेबाने असं म्हटलं असतं, तर मी हसून दुसऱ्या दिवशी कागद पाठवला असता. धंद्यातलं नवं पोरसुद्धा तोंडी सूचनेवर थांबत नाही. मी थांबलो, कारण समोर साहेब नव्हता, तू होतास. ही माझी चूक आहे, आणि ती मी जिथे सांगायची तिथे सांगणार आहे. पण तुझं जे आहे त्याला मी चूक म्हणणार नाही. नोंद करायला विसरलास, ती चूक. दावा आला तेव्हा नात्यातलं प्रकरण म्हणून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायला हवा होतास, तो दिला नाहीस, ही चूक नाही. दुसऱ्याने मला एक फोन केला असता, आणि तुझं विसरणं उघडं पडलं असतं. बढतीच्या तोंडावर ते तुला परवडलं नसतं. म्हणून तू फाईल मांडीखाली दाबलीस, आणि तिच्याबरोबर दाजींचं छप्परही.

तू अजून त्याच टेबलावर जेवतोस का? मला खरंच विचारायचंय.

मी रोज सकाळी देवापुढे बसतो तेव्हा हल्ली एकच मागणं करतो, की राग शब्दांतून निघून जाऊ दे, हातापर्यंत पोचू देऊ नको. देवाने अर्धं ऐकलंय असं दिसतं.

तुमच्या विक्री विभागाचे साहेब येऊन गेले. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "घरातलं भांडण घरात मिटवा, एजन्सी कशाला पणाला लावता?" मी त्यांना पाणी दिलं आणि पाटी दाखवली. ती दाराआड भिंतीला टेकवून ठेवली होती. म्हटलं, जाताना घेऊन जा. त्यांनी नेली नाही. पाटी जड आहे, म्हणाले, माणूस पाठवतो. मी म्हटलं, मी एकट्याने उतरवली.

आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो. दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

विम्याच्या तक्रार मंडळाकडे दाजींच्या नावाने अर्ज दिला आहे. सुनावणी पुढच्या महिन्यात. तिथे मला विचारतील, कंपनीला सांगितल्याचा पुरावा काय? माझ्या शब्दाला किंमत नाही, मी दावेदाराचा मेव्हणा. तुझा शब्द तू लिहून दिलेलाच आहे. पण त्या टेबलाशी तिसरं माणूस होतं. तू "मीच कंपनी" म्हणालास तेव्हा तेच माणूस हसलं होतं आणि म्हणालं होतं, "एवढी मोठी कंपनी, आणि अंघोळीला अजून मी हाका मारते." आपण तिघेही हसलो होतो. आठवलं असेल.

साक्षीदार म्हणून मी आईचं नाव दिलंय.

तिला मी विचारलेलं नाही. अक्कालाही सांगितलेलं नाही, ती मला उंबऱ्यात उभं करणार नाही. विचारायचं तू आहेस, कारण आई तुझ्याकडे राहते. मंडळाचं ऑफिस वरच्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. परक्याच्या हाताला धरून आई पायरी चढत नाही. ती तुझ्याच खांद्यावर हात ठेवून चालते. तेव्हा आणायचंही तूच, वर चढवायचंही तूच, आणि ती बोलेल तेव्हा तिच्या शेजारी उभं राहायचंही तूच.

हे टाळायचं असेल तर एक ओळ पुरे. "मला सांगितलं होतं." स्वतःच्या हाताने लिही, तुझ्या कंपनीला दे, एक प्रत दाजींना दे. मग आईला जिना चढावा लागणार नाही. तुझ्या बढतीचं काय होईल ते मला माहीत नाही, आणि त्याची काळजी वाटायला हवी तेवढी वाटत नाही.

वर लिहिलं होतं की हे एकट्याने वाच. तुझं वाचून झालं. आता आईजवळ बस आणि तिला वाचून दाखव. काही गाळू नकोस. तिला दिसत नाही, पण वाचणारा कुठे अडखळला ते तिला आपल्या लहानपणापासून कळतं.

सही काय करावी हा विचार करत होतो. एजन्सीची केली तर तू ती फाईलला लावशील. "तुझा दादा" असं लिहायला हात उठत नाही. म्हणून जे अजून खरं आहे तेवढंच लिहितो.

आईचा थोरला मुलगा