पाचवी रांग, मुलांविना

३ मार्च

चि. कपटीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तिकिटं काढायला गेलो त्या सकाळी चुलीवर पुस्तकं चिकटवायची खळ शिजत होती. एका हाताने ती ढवळत होते, दुसऱ्या हाताने भूगोलाच्या पुस्तकाचे सुटे छापील फर्मे दुमडत होते आणि दुमडता दुमडता वाचतही होते. मी जे काही शिकले ते असंच, फर्म्याफर्म्यातून. त्यामुळे मला बऱ्याच गोष्टींचा मधला भाग ठाऊक आहे, सुरुवात नाही. नद्या समुद्राला मिळायच्या आतच तुझी आत्या दारात उभी. म्हणाली, वहिनी, तिकीटवाला दहाला उघडतो, हात धुवा. खळ उतरवली, झाडू मारायचा राहिला तो राहिलाच, आणि निघालो.

फोनवर तुझ्या भोंग्याच्या रडण्यापुढे तुझं एक अक्षर कळत नाही, म्हणून सगळं पत्रात लिहिते. तिकिटं झाली. मी, तू, भोंगा आणि आत्या, चौघंही एकाच विमानात. आत्या पुढे दुसरं विमान धरून मैत्रिणीकडे जाईल. आत्याने तिकीटवाल्याच्या छापील फॉर्ममधल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून दिल्या. त्याने तो उभा राहून परत घेतला. लहानपणी तिच्याच शाळेत असावा. माझा फॉर्म मीच भरला. गेल्या वर्षभरात इतके भरलेत की आता पेन आपोआप चालतं.

मला पुढची जागा मिळालीय, पडद्याच्या आत, पाचवी रांग. त्याखाली ‘मुलांविना’ असं काहीतरी छापलंय. तू आणि भोंगा सत्ताविसाव्या रांगेत. जवळच असेल ना? विमान ते केवढं असणार!

ग्रंथालयवाला पुन्हा एक जाडा कोश घेऊन आला होता. परत पाठवला. जाड पुस्तकाची पाठ ठोकायचं काम तुझ्या बाबांचं. हातोडी खिळ्याला आहे तशीच आहे. पातळ पुस्तकांवर माझं भागतं.

जावयांना कळव, सासूबाई सहा महिने येतायत, घाबरू नका म्हणावं. लोभ आहेच, तो भोंग्याशी वाटून घे.

तुझी,
आई

८ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

‘मुलांविना’ म्हणजे काय हे तुला खरंच माहीत नाही, की माहीत असून भोळी होतेस? त्या रांगांत बारा वर्षांखालचं मूल बसवत नाहीत. ज्यांना पोरांची किरकिर नको त्यांनी फॉर्मवर खूण करून ती जागा मागायची. तू मागितलीस. स्वतःच्या नातवाच्या विमानात.

मी रागावलेली नाही. म्हणजे आहे, पण त्या रांगांवर नाही. मागच्या महिन्यात याला घेऊन दोन तासांचा प्रवास केला, तुला पूर्ण सांगितलं नव्हतं. दोन तासांपैकी एक तास पन्नास मिनिटं तो रडला. उरलेली दहा मिनिटं श्वास घेत होता. पुढचा माणूस दर पाच मिनिटांनी मान वळवून बघायचा, जणू बंद करायचं बटण मला सापडत नाहीये. पलीकडच्या बाईंनी कानात कापूस घातला आणि उरलेला मला देऊ केला. मी याला छातीशी धरून विमानभर माफी मागत फिरले, पहिल्या रांगेपासून शेवटच्यापर्यंत. शेवटी शौचालयात कडी लावून आम्ही दोघंही रडलो. त्या दिवशी मला कोणी विचारलं असतं तर त्या सगळ्यांना मुलांविना जागा मीच दिली असती. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. पण तू त्यांच्यात?

हा प्रवास नऊ तासांचा आहे. तू शेजारी असशील या भरवशावर मी हो म्हटलं होतं. एकटीला जमणार नाही, आई. तुला शांतता हवी असेल तर तुझा हक्क आहे, खरंच. पण मग मी आमची तिकिटं रद्द करते. याच्या बाबांनी याला एक महिन्याचा पाहिलाय, आता दहा महिन्यांचा आहे. बघतील कधीतरी. वीस तारखेपर्यंत कळव.

लोभ कमी झाला असल्यास तसं स्पष्ट लिहावं.

तुझी,
कपटी

१२ मार्च

चि. कपटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीने मला वाचायला दिलं. शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत. रागात लिहिलंस म्हणून पाच माफ.

माझ्यापुरतं सांगते. मी ‘मुलांविना’वर जाणूनबुजून खूण केली आणि पुन्हा करीन. छत्तीस वर्षं मुलांच्या आवाजात काढली. घंटा, गोंगाट, पुन्हा घंटा. मला मुलं आवडतात, वर्गात, रांगेत, तोंडावर बोट ठेवून. नऊ तास कोणीही मला ‘बाई’ म्हणून हाक मारणार नाही अशी जागा विकत मिळत असेल तर ती घेण्यात मला लाज नाही. तुझ्या भोंग्यावर माझं प्रेम आहे. ते मी सत्तावीस उणे पाच, बावीस रांगांवरून करीन.

वहिनीचं मात्र वेगळं आहे. तिने खूण केलेली पाहून मला वाटलं, माझ्या सोबतीसाठी केली. मी मनातून सुखावलेही होते. आता कळतंय, तसं काही नव्हतं. पण तिला शांतता हवी म्हणून केली असं समजत असशील तर इथे येऊन बघ. दादा गेल्यापासून त्या दुकानात इतकी शांतता आहे की खळ शिजल्याचा आवाज येतो. ती अजून कुठून आणि कशाला मागेल?

काय झालं ते तिच्याकडूनच ऐक. मला सांगताना तिने तोंडावर पदर धरला होता, हसत होती की काय ते कळेना.

तुझी,
आत्या

१४ मार्च

चि. कपटीस,
आशीर्वाद.

चूक माझी. अक्कल काय, फॉर्म भरताना दुकानातच विसरले असणार.

तुझे बाबा गेल्यापासून जो फॉर्म समोर येतो तो मला एकच विचारतो, मी कशाकशाविना आहे. नळाचा, दुकानाचा, बँकेचा. पती नाही? हो, नाही. मुलगा नाही? हो, नाही. सोबत राहणारं कोणी नाही? हो, नाही. तर तिसऱ्या पानावर आलं, ‘मुलांविना आसन’. मला वाटलं, म्हातारी मुलांविना एकटीच राहते का ते विचारतायत, म्हणजे शिडी चढताना हात धरायला माणूस देतील. खरं ते लिहावं म्हणून मी लिहिलं, हो. खूणही चांगली ठसठशीत केली.

आज पुन्हा तिकीटवाल्याकडे जाऊन आले. तो म्हणाला, पाचव्या रांगेतून सत्ताविसाव्या रांगेत, शौचालयाशेजारी, आपणहून जाणारं माणूस त्याने पाहिलेलं नाही. कारण लिहायला लावलं. चौकट बोटाच्या पेराएवढी. मी लिहिलं, ‘मुलांसह’. तर त्याने विचारलं, मुलं किती? मी म्हटलं, दोन. एक दहा महिन्यांचं आणि एक एकतीस वर्षांचं, दोन्ही रडकी.

माफी मागत विमानभर फिरायचं नाही, हे आताच सांगून ठेवते. त्या माणसाची मान दुखली असेल तर ती त्याची त्याने वळवली होती. तूही काही कमी नव्हतीस. टेबलाखाली कागदाच्या कपट्यांत बसून भोकाड पसरायचीस, म्हणून तर ‘कपटी’. गिऱ्हाइकं नाव ऐकून दचकायची. मी पुढ्यात बसून फर्मे दुमडले की त्या आवाजाने जराशी थांबायचीस, आणि बाबांनी जाड पुस्तकाची पाठ ठोकायला घेतली की झोपायचीस. ते म्हणायचे, पाठ ठोकायची नसते, थोपटायची असते, मग ती पुस्तकाची असो की हिची.

विमानात हातोडी नेऊ देत नाहीत, तुझ्या आत्याने चौकशी केली. म्हणून रद्दी फर्म्यांचा गठ्ठा तेवढा घेते.

तिकिटं रद्द करू नकोस. लोभ होता तेवढाच आहे, रांग बदलली.

तुझी,
आई

६ एप्रिल

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

विमानतळावर घाईत आपली चुकामूक झाली. मी मैत्रिणीकडे सुखरूप पोचले.

पाचव्या रांगेचा अहवाल असा. मूल एकही नव्हतं. माझ्या डावीकडे एक प्रौढ गृहस्थ नऊ तास घोरले. मागे दोन सुशिक्षित माणसं खुर्ची कोणी किती मागे टाकायची यावरून भांडली. मी शेवटी उठून दोघांनाही तोंडावर बोट ठेवायला सांगितलं, आणि त्यांनी ठेवलं. पुढच्या वेळी मुलांविना नको, माणसांविना रांग आहे का विचारणार आहे.

पण पडद्यामागून भोंगा एकदाच ऐकू आला, तोही थोडा वेळ. मी काळजीत पडले. पोराला काही पाजलं तर नाहीत ना? उत्तर पूर्ण वाक्यांत लिहावं.

तुमची,
वन्सं

११ एप्रिल

प्रिय वन्संना,
सप्रेम नमस्कार वि. वि.

काही पाजलं नाही. विमान वर चढताना तो रडायला लागला आणि कपटी माफी मागायला उठू लागली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि फर्मा काढला. एक घडी, नखाने दाब, दुसरी घडी. चौथ्या घडीला त्याने रडणं थांबवून कागद तोंडात घातला. बाजूच्या कोटवाल्यांनी आधी आमच्याकडे असं पाहिलं होतं की आम्ही तिघं मिळून फुटणार आहोत. त्यांच्या हातात मी एक फर्मा दिला आणि म्हटलं, सरळ दुमडा, तुमचा कोपरा चुकतोय. मग ते सहा तास दुमडत होते. उतरताना विचारलं, बाई, हे पुस्तक पुढे कुठे मिळेल? त्यांनाही मधलाच भाग मिळाला होता. कपटी माझ्या खांद्यावर झोपली. रडकी दोन्ही मुलं झोपल्यावर मी थोडी रडून घेतली, आवाज न करता. हे आज असते तर किती हसले असते, असं वाटलं.

जावयांनी पोराला उचललं तेव्हा त्याने सगळी इमारत जागी केली. जावई म्हणाले, वा, आवाज खणखणीत आहे.

आज भोंग्याने त्यांचा जाडा शब्दकोश टेबलावरून ढकलला. पाठ मोडली. जावई म्हणाले टाकून द्या. मी खळ शिजवली, पानं शिवली आणि थांबले. तिथून पुढचं काम तुमच्या दादांचं. कोश तसाच ठेवून तुम्हाला पत्र लिहायला बसले.

उत्तर पूर्ण वाक्यांत आहे, गुण द्यावेत. लोभ असू द्यावा, बावीस रांगांवरून का होईना.

तुमची,
वहिनी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी हे लिहिते. सकाळी खालच्या सुताराकडून हातोडी मागून आणली. भोंगा टेबलाखाली बसला होता. मी कोशाची पाठ थोपटली.