बेपत्ता चौदा मुलांचा खुलासा

दिनांक : ३ नोव्हेंबर १९८८

प्रति,
मा. संगोपन अधिकारी साहेब,
बाल संगोपन कार्यालय, उपनगर विभाग,
अंधेरी (पूर्व).

अर्जदार : सौ. सगुणा हरेश्वर टपके, वय ४१, धंदा मासेविक्री, राहणार वेसावे कोळीवाडा, अंधेरी (पश्चिम).

विषय : माझ्या घरातून नाहीशी झालेली चौदा मुले कोठे आहेत याचा खुलासा, व कु. शकू हिला माझ्या घरी परत देणेबाबत.

संदर्भ : आपले दि. १८ ऑक्टोबरचे पत्र, जे पोस्टमनने आधी स्वतः वाचले आणि मग लांबूनच माझ्या हातात दिले.

महोदय,

वरील पत्रात आपण विचारले आहे की, दि. २७ ऑक्टोबर १९८७ रोजी माझ्या घरात चौदा मुले होती व दि. १२ जुलै १९८८ रोजी एकही नव्हते, तरी मधल्या नऊ महिन्यांत त्या मुलांचे काय झाले याचा खुलासा मी पंधरा दिवसांत करावा, अन्यथा पुढील कारवाई होईल. त्याप्रमाणे खुलासा करते. अर्ज मी सांगत आहे व शेजारचे काशीरामभाऊ लिहून घेत आहेत. ते गिरणीत टाइमकीपर होते, संपापासून घरी आहेत, व सरकारी मराठी त्यांना चांगली येते. त्यांनी सुरुवातीला ‘अर्जदार व्यथित आहे’ असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. मी व्यथित नाही, चिडलेली आहे.

१) शकू ही द्रौपदीची मुलगी. द्रौपदी माझ्या शेजारी बसून कोलंबी सोलायची. १९८४ च्या श्रावणात काविळीने गेली. नवरा आधीच सोडून गेला होता. शकू तेव्हा सहा वर्षांची होती. तेराव्यापर्यंत माझ्याकडे राहिली आणि चौदाव्या दिवशी कोणी विचारले नाही की आता ही कुठे जाणार, कारण ती माझ्या चुलीपुढे बसून चहात बेकरीचे बटर बुडवत होती. मला मूल नाही. तिला आई नाही. यात कोळीवाड्याला विचारण्यासारखे काही वाटले नाही. ती मला आय म्हणू लागली, तेही कोणी शिकवले नव्हते.

२) पुढे तीन वर्षे ती माझ्याकडे वाढली व चौथी पास झाली. पाचवीला हायस्कुलात घालायला गेले तर तेथील बाईंनी पालक असल्याचा कागद मागितला. मी सरळ मनाने आपल्या कार्यालयात कागद मागायला आले. या सगळ्या प्रकरणात माझा गुन्हा असेल तर तो एवढाच. आपल्या कार्यालयाने मला सांगितले की, शकू ही निराधार आहे. मी म्हटले, अहो, ती बाहेर बाकावर माझी पिशवी धरून बसली आहे. तरी ती निराधारच निघाली. तिच्यासाठी योग्य कुटुंब मिळेपर्यंत तिला जोगेश्वरीच्या बालिकाश्रमात ठेवावे असा हुकूम झाला, म्हणजे तिला आधार मिळावा म्हणून तिला घरातून नेण्यात आले. योग्य कुटुंब व्हायचे असेल तर फॉर्म भरा, असे मला सांगितले. मी भरला. माझा नंबर एक्केचाळिसावा लागला.

३) फॉर्मात ‘बालसंगोपनाचा पूर्वानुभव’ असा रकाना आहे. त्यात मी ‘तीन वर्षे, हीच मुलगी’ असे लिहिले. आपल्या कारकुनांनी ते लाल शाईने खोडून बाजूला ‘विनापरवाना’ असा शेरा मारला. मग मला चार शनिवार प्रशिक्षण वर्गाला बसवले. तेथे एका तरुण साहेबांनी प्लॅस्टिकच्या बाहुलीला आंघोळ कशी घालावी ते शिकवले. साबण तिच्या डोळ्यांत गेला, पण ती रडली नाही, म्हणून आम्ही सगळ्या पास झालो. दाखला सोबत जोडला आहे.

४) आता चौदा मुलांविषयी. आमच्याकडे रीत अशी आहे की, ज्या घरची हंडी आधी उतरते त्या घरी आळीतली पोरे जेवायला बसतात. आया मासळीच्या लिलावात नाहीतर बाजारात असतात, पोरांनी कोणाची वाट पाहायची? आज माझ्याकडे, उद्या सोनूबाईकडे, परवा प्रेमाकडे. कोणी बोलावत नाही आणि कोणी हाकलत नाही. दि. २७ ऑक्टोबर रोजी दुपारी आपल्या निरीक्षक सौ. सुलक्षणाबाई चौकशीला आल्या तेव्हा माझी हंडी आधी उतरली होती. बाईंनी दारात उभ्या राहून पानावरची डोकी मोजली व ‘अर्जदारास चौदा अपत्ये असून पंधराव्याची मागणी अविचारी वाटते’ असे लिहिले. त्याच अहवालात पुढे ‘घरात माशांचा वास येतो’ असेही आहे. कोळ्याच्या घरात अत्तराचा वास आला असता तर ती चौकशी करण्यासारखी गोष्ट होती. स्वतंत्र पलंग नाही, हे खरे आहे. शकू माझा पदर मुठीत धरून झोपायची. पलंग वेगळा केला असता तर पदरही वेगळा करावा लागला असता.

माझ्या मालकांबद्दल बाईंनी लिहिले की, ‘पती वारंवार घर सोडून जातात व कोठे जातात हे अर्जदारास निश्चित सांगता येत नाही.’ बाईंनी विचारले, कुठे गेलेत? मी म्हटले, समुद्रावर. समुद्रावर कुठे? मी म्हटले, मासळी असेल तिथे. यापेक्षा निश्चित पत्ता त्यांची बोट चालवणाऱ्या तांडेलालाही देता आला नसता.

५) नंतर आपल्याच कार्यालयातल्या एका शिपाईदादांनी मला बाजूला घेऊन सांगितले की, घरात गर्दी दिसता कामा नये, शांत घर साहेबांना आवडते. म्हणून दुसऱ्या चौकशीची तारीख कळताच मी आळीतल्या सगळ्या आयांच्या पाया पडले. दि. १२ जुलै रोजी सगळ्या पोरांना देवळात कोंडून ठेवले होते. मांजरसुद्धा सोनूबाईने टोपलीखाली घातले होते. यावेळी दुसरे साहेब आले. त्यांनी पहिला अहवाल वाचलेला नव्हता. ते दहा मिनिटे शांत बसले व लिहून गेले की, ‘घरात बालसुलभ वातावरणाचा अभाव असून अर्जदारास मुलांची आवड असल्याचे दिसून येत नाही.’ पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असतात, म्हणून मालक घरी होते. त्यांच्याविषयी साहेबांनी लिहिले, ‘पती धडधाकट असूनही बेकार. जाळ्याशी चाळा करत बसलेले आढळले.’ साहेब, फाटलेले जाळे शिवल्याशिवाय नारळी पुनवेला बोट पाण्यात जात नाही. एकाच माणसाला आपण एकदा परागंदा ठरवले व एकदा निरुद्योगी. तो दोन्ही वेळा आपले काम करत होता.

६) तर चौदा मुले कोठे गेली याचा खुलासा असा की, तेरा मुले २७ ऑक्टोबरच्या त्याच दुपारी हात धुऊन आपापल्या घरी गेली व आजही तेथेच आहेत. त्यांच्या आयांनी ‘हे मूल माझेच आहे’ असे लिहून अंगठे व सह्या दिल्या आहेत. चौदावे मूल माझे नाही, सोनूबाईचे नाही, कोळीवाड्यातल्या कोणाचेच नाही. दिवाळीची सुट्टी असल्याने सुलक्षणाबाई आपला पाच वर्षांचा जयवंत बरोबर घेऊन आल्या होत्या. त्या दारात लिहीत होत्या तोवर तो पोरांच्या पंगतीत बसला, सुरमईचे दोन तुकडे खाल्ले, कालवण ओरपले व शकूच्या गोधडीवर झोपी गेला. बाईंनी त्यालाही मोजले. त्यात त्यांची काय चूक? माझ्या पंगतीत आपले पोर त्यांना ओळखू आले नाही, कारण ते पोटभर जेवत होते. जाताना बाई म्हणाल्या, घरी हा माशाला शिवत नाही. हे वाक्य अहवालात आलेले नाही. ते घालावे, ही विनंती. नाहीतर जयवंत माझ्या नावावरून कमी करावा, किंवा रीतसर माझ्या ताब्यात द्यावा. माझी दोन्हीला तयारी आहे.

७) आपल्या पत्रात शेवटी असे आहे की, माझा खुलासा मान्य होईपर्यंत माझा अर्ज बंद राहील व शकूला दि. १५ नोव्हेंबरपासून मुलुंडच्या एका पात्र कुटुंबात ठेवण्यात येईल. त्या कुटुंबाविषयी माझी काही तक्रार नाही. त्यांच्याकडे पलंग आहे. माणसे चांगलीच असतील. पण साहेब, आपल्या यादीत आणखी पुष्कळ मुली आहेत, ज्यांच्यासाठी कोणीही आलेले नाही. त्यातली एखादी त्या पलंगावर निजली तर पलंगाचे काही बिघडणार नाही.

८) येथून पुढचे लिहू नका, असे काशीरामभाऊंनी मला दोनदा बजावले आहे. तरी लिहायला लावते. आश्रमात भेटीला फक्त नातेवाईक चालतात व मी कागदोपत्री कोणी नाही. म्हणून गेल्या जानेवारीपासून मी दर बुधवारी पाटी घेऊन आश्रमाच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात मासे विकायला जाते. पावसाळ्यात सुके बोंबील नेले, पण बुधवार चुकवला नाही. मी कोण हे तेथे कोणालाही माहीत नाही. मुली आळीपाळीने पातेले घेऊन येतात. पहिल्या बुधवारी शकू आली, मला पाहिले आणि आत वळून मोठ्याने म्हणाली, “मासेवाल्या बाई आल्या.” मग पातेले खाली ठेवताना तिने मला डोळा मारला. मी काही शिकवले नव्हते. आय म्हटले तर दार बंद होईल हे त्या पोरीला माझ्याआधी कळले होते. तेव्हापासून तिची पाळी नसली तरी बुधवारी पातेले तीच आणते. दर बुधवारी मासेवाल्या बाई, दर बुधवारी डोळा. मी रस्ताभर हसत परत यायची.

काल बुधवार होता. मी मुद्दाम मांदेली नेली होती. सहा वर्षांची असताना ही पोरगी मांदेली काट्यांसकट चावून खायची. काल ती पातेले घेऊन आली, पाटीत पाहिले व म्हणाली, “बाई, कमी काट्यांचे आणत जा. घशात अडकतात.” पातेले उचलले व आत गेली. डोळा मारला नाही. मागे कोणी उभे नव्हते, मी नीट पाहिले.

साहेब, दहा महिने ती नाटक करत होती हे मला पक्के माहीत होते. कालचे नाटक होते की नव्हते, ते मला कळले नाही. तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी पाटी तिथेच विसरून आले.

हे सगळे लिहून दिल्यावर मागचे दार मला बंद होणार, हे मला समजते. समजूनच लिहिले आहे. आपण स्वतः यावे. येण्याआधी कळवू नये. बोट समुद्रावर असेल, नाहीतर काठावर असेल. हंडी माझी उतरली असेल तर पोरे माझ्याकडे असतील, नाहीतर सोनूबाईकडे. आपल्यालाही पान वाढू. पण येताना शकूला बरोबर आणावे आणि पंधरा तारखेच्या आत आणावे. काट्यांचे मी पाहीन.

आपली, अद्याप कागदोपत्री कोणीही नसलेली,
सगुणा हरेश्वर टपके
(सही स्वतःच्या हाताची)

सोबत :
१. प्रशिक्षण वर्गाचा दाखला (बाहुली).
२. बोटी केव्हा पाण्यात व केव्हा काठावर असतात, याबद्दल मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनचे पत्र.
३. तेरा मुलांच्या आयांचे जबाब, सह्या व अंगठ्यांसह.
४. चौदाव्या मुलाच्या आईचा जबाब जोडलेला नाही. त्या आपल्याच कार्यालयात, जिन्याशेजारच्या टेबलावर बसतात.
५. शकूचा चौथीचा निकाल. पालकाची सही या जागी माझी सही आहे. ती सही तेव्हा शाळेला चालली होती.